खडकावरचा शब्द

माझ्या भावाचं डोकं कशाने फिरेल ते सांगता येत नाही. या वेळी ते एका बाईने दिलेल्या दोन तारकांनी फिरलं. आमच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल तिने नेटवर लिहिलं होतं, 'तारामासे छान. जंगल छान. गाइडबाई मात्र अंगावर ओरडल्या, "निघा!" आम्ही काय त्यांच्या घरात घुसलो होतो?'

दादाने हे मला ऑफिसात उभं करून वाचून दाखवलं. ऑफिस म्हणजे वाहनतळाच्या कडेची एक खोली. भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, कोपऱ्यात पाहुण्यांसाठी रबरी बुटांचे तीस जोड आणि खिडकीपाशी वहिनीचं टेबल, जिथे ती बुकिंग घेते.

"पाहुण्यांना 'निघा' म्हणतात का कुणी?" दादा म्हणाला.

"लाट येताना दिसली की म्हणतात."

"जाणाऱ्या माणसालासुद्धा आपण 'या' म्हणतो, छोटे."

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. एकोणीस वर्षं खडकावर माणसं नेते आणि तेवढीच सुखरूप परत आणते. तरी या घरात मी 'छोटे' ती छोटेच.

"म्हणूनच बाबांनी तो शब्द निवडला होता," मी म्हटलं.

ही सहल बाबांनी सुरू केली. सकाळी ओहोटीला खडकांवर जायचं, खळग्यांमध्ये साचून राहिलेल्या समुद्राच्या पाण्यात काय काय राहतं ते दाखवायचं, डबे खायचे, आणि दुपारी मागच्या जंगलात पक्षी-प्राणी बघायला शिरायचं. बाबांचे नियम दोनच होते. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, आणि खडक सोडायचा इशारा एकाच शब्दात द्यायचा, जो दिवसभरात दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. 'चला' नको, कारण चला आपण शंभरदा म्हणतो. 'उठा' नको, 'या इकडे' नको. जो शब्द सभ्य माणूस पाहुण्याच्या तोंडावर म्हणत नाही, तोच खडकासाठी राखून ठेवायचा. बाबा म्हणायचे, ऐकणाऱ्याला राग यायला हवा, रागावलेला माणूस चटकन उठतो. परवान्याच्या पुस्तकात 'मागे फिरा' असा इशारा छापलाय. बाबा त्याला हसायचे. मागे फिरा म्हटलं की लोक मान मागे वळवून बघत बसतात, कुणी पाय उचलत नाही.

दादाने माझ्याकडे न बघता कागदावर काहीतरी खरडलं. "उद्यापासून 'परत' म्हणायचं. लहान शब्द आहे, सौम्य आहे. परत, मंडळी. कानाला कसं गोड लागतं."

"मला नाही म्हणायचं."

"मालक कोण आहे इथे?"

मी दार आपटलं. भांडले मी, पण कशावरून? शब्द गुळगुळीत आहे, बाबांचा नाही, म्हणून. त्या शब्दात खरी खोट काय आहे ते दादा, वहिनी, मी, आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? आमचा जन्म 'दगड परत ठेवा, शिंपला परत ठेवा' म्हणण्यात गेला. आमच्या कानाला परत म्हणजे जिथून आलं तिथे. परतचा दुसरा अर्थ शाळेतलं पोरही सांगेल, पण आम्ही तिघं धंदा करणारी माणसं, आम्हाला तो दिसला नाही.

आणि एक सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. तो शब्द मी राखून ठेवला नाही. बाबांचा 'निघा' मी एकोणीस वर्षं जपला, घरीदारी कुठे तोंडातून निसटू दिला नाही. दादाचा 'परत' मला सवतीसारखा वाटत होता. तो मी कसाही वापरला, कुठेही वापरला. सकाळी पाहुण्यांना इशारा समजावून सांगायचा असतो, तोही मी तोंडातल्या तोंडात उरकला. बूट घालण्याची गडबड चालली होती. किती जणांनी ऐकलं देव जाणे.

नव्या शब्दाच्या त्या पहिल्या दिवशी अकरा जण होते. त्यातल्या एक मावशी अडुसष्ट वर्षांच्या, धाकट्या बहिणीला घेऊन आलेल्या. बहिणीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती वाळूवर घडीच्या खुर्चीत बसली. मावशी मात्र एक माप मोठे बूट चढवून टणाटण पुढे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, एकतीस वर्षं.

"कानाला हेडफोन लावून जन्म गेला बघ," त्या मला म्हणाल्या. "लोकांची भांडणं जोडली, लग्नं जोडली. आता उघड्या कानांनी जरा समुद्र ऐकते."

"एकट्याच राहता?"

"एकटीच. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा म्हणतो माझ्याकडे ये. मी म्हणते, तू ये, चहा पी, आणि जा."

मला त्या फार आवडल्या. मला माणसं पटकन आवडत नाहीत. पाहुणे तर नाहीतच. निम्मे जण खळग्यात वाकून स्वतःचं तोंड बघतात आणि पाणी स्वच्छ आहे म्हणतात. मावशींनी पहिल्या खळग्यापाशी बसून घेतलं आणि दहा मिनिटं हलल्या नाहीत. एक खेकडा जुना शंख सोडून नव्या शंखात शिरत होता, उघडं मऊ अंग घेऊन घाईघाईने. त्यांनी श्वास रोखून ते पाहिलं आणि म्हणाल्या, "लाजला गं बिचारा."

मग समुद्रफूल. खडकाला चिकटलेला प्राणी असतो तो, बोटभर उंच, वरती पाकळ्यांसारख्या मऊ शेंड्या. ओलं बोट अलगद लावलं की शेंड्या बोटाला चिकटून ओढल्यासारख्या करतात आणि फूल मिटतं. थोडं थांबलं की उमलतं. मी मावशींना ते दाखवलं. त्यांनी बोट लावलं, ते मिटलं, त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"परत करू?"

"थांबा, उमलू दे. हं, आता परत."

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, परत!" सगळे हसले. मीही हसले. "परत," मी म्हटलं. एका फुलाला फार त्रास देऊ नये म्हणून मी त्यांना शेजारचं दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. "हे मोठं आहे, याला परत करा." सहा वेळा म्हटलं असेन, सात वेळा. नंतर मी मोजायला बसले तेव्हा मला आकडा लागेना. ज्या तोंडाने इशारा द्यायचा त्याच तोंडाने मी त्या बाईला शिकवत होते, की परत म्हणजे आणखी एकदा.

भरती लागली होती, पण अजून वेळ होता. मी बाकीच्यांना घेऊन वरच्या खडकाकडे पंधराएक पावलं सरकले होते. मोठी लाट यायच्या आधी खडकाच्या टोकाशी पाणी आत ओढलं जातं, आणि टोकाकडच्या खळग्यातली पातळी बोटभर उतरते. ती मला उतरताना दिसली. मावशी तिथेच वाकून बसल्या होत्या, समुद्राकडे पाठ.

मी ओरडले, "परत! मावशी, परत!"

माझ्याजवळचे लोक हलले, कारण त्यांना माझा चेहरा आणि वर बोलावणारा हात दिसत होता. मावशींना फक्त आवाज ऐकू गेला. आणि तो त्यांना ऐकू गेला, हे मी शपथेवर सांगते. मान वर न करता त्या हसल्या, डावा हात वर करून 'हो हो' अशी खूण केली, आणि उजव्या हाताचं बोट परत पाण्यात घातलं.

लाट काही फार मोठी नव्हती. वाळूवर असती तर गुडघ्याला लागून गेली असती. खडकावर तिने मावशींना उचललं आणि दोन खडकांच्या मधल्या फटीत टाकलं. मी आणि एक उंच चष्मेवाला, दोघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. त्यांचा एक बूट गेला. तोंड पांढरं पडलं होतं, पाय भलत्याच दिशेला वळलेला होता. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, तूच म्हणालीस ना?"

मला वाटलं, दुखण्याने काहीतरी बरळतायत.

रुग्णवाहिका त्यांना आणि त्यांच्या बहिणीला घेऊन गेली. मी ओल्या कपड्यांत वाळूवर उभी राहून दादाला फोन केला. त्याने आधी विचारलं, शुद्धीवर आहेत का. मग विचारलं, बाकीचे किती आहेत.

"नऊ."

"डबे दे त्यांना. मग जंगलात ने."

"दादा, मी अजून ओलीचिंब आहे."

"छोटे, ते पूर्ण दिवसासाठी आलेत. इथे बसवून ठेवलंस तर बसून दुसरं काय बोलतील? घुबड दाखव. मन रमेल त्यांचं."

आणि मी गेले. याचा राग मला अजून गिळता येत नाही. दादा बोलला हे ठीक, तो बोलायलाच बसलाय तिथे. पण पाय माझे होते. बुटात पचपच पाणी वाजत होतं आणि मी नऊ माणसांना रानडुकरांनी उकरलेली माती दाखवत होते. "नाकाने उकरतात, मुळं खातात, कालच रात्री आली असणार." सुतार पक्ष्याने पाडलेली भोकं दाखवली. आवाज माझा नेहमीसारखाच निघत होता, हे मला जास्त भयंकर वाटलं. घुबड चार सहलींत एकदा दिसतं. त्या दिवशी ते ढोलीच्या तोंडाशी बसून होतं. लोकांनी तोंडावर हात ठेवून फोटो काढले.

परतीच्या पायवाटेवर तो चष्मेवाला माझ्या बरोबरीने चालायला लागला. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, सकाळपासून तो फारसं बोलला नव्हता.

"ताई, राग नका मानू," तो म्हणाला. "तुम्ही ओरडलात तेव्हा मीपण क्षणभर थांबलो. मला वाटलं, तुम्ही त्यांना आणखी एकदा करा म्हणताय. फुलाचं. सकाळपासून तेच चाललं होतं ना, परत, परत. मग तुमचा हात दिसला म्हणून पळालो. त्यांना बिचारीला हात कुठून दिसणार?"

मी झाडाला टेकून उभी राहिले. तो म्हणाला, "पाणी हवंय का?" मी म्हटलं, "नको, जा तुम्ही पुढे." मला माझ्याच मुस्काटीत मारावीशी वाटत होती. मावशी काय बोलल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. त्या बरळत नव्हत्या.

संध्याकाळी ऑफिसात दादाने अहवाल तयार ठेवला होता. अपघात झाला की चोवीस तासांत किनारा कार्यालयात अहवाल द्यावा लागतो, मालकाच्या आणि गाइडच्या सहीने. त्याने लिहिलं होतं, 'मार्गदर्शकाने "मागे फिरा" असा स्पष्ट इशारा तीन वेळा दिला. वयोमानामुळे सदर महिलेस तो ऐकू आला नसावा किंवा उमगला नसावा.'

"मी 'मागे फिरा' म्हटलंच नाही," मी म्हणाले. आणि चष्मेवाला काय बोलला ते सांगितलं.

दादा खुर्चीत मागे रेलला. त्याचा चेहरा उतरला, हे मी नाकारणार नाही. मग तो म्हणाला, "पुस्तकात 'मागे फिरा' आहे. दुसरं काहीही लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, ठरलेला इशारा का नाही दिला. गाइडचा बिल्ला तुझा जाईल, माझा नाही. खडकावर जबाबदार गाइड."

"शब्द तू दिलास."

"दिला मी. सकाळपासून खेळणं केलंस त्याचं तू." तो हळू बोलला, म्हणूनच मला ते जास्त लागलं. "त्यांचं हाड जुळेल, छोटे. अहवालाने त्यांचं काय बिघडणार आहे? सही कर आणि घरी जा, अंघोळ कर."

मी सही केली. बिल्ला गेला तर मी कोण? मला दुसरं काही येत नाही. हे कारण आहे, बचाव नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर पाच तारका आल्या. 'दुर्दैवी अपघात होऊनही गाइडबाईंनी सहल उत्तम रीतीने पूर्ण केली. घुबड!!' दादाने मला ते वाचून दाखवलं नाही, एवढी लाज त्याला होती. मी स्वतः वाचलं आणि चहाचा कप भिंतीवर फेकला.

तीन आठवडे मी सगळ्यांवर खेकसत होते. पाहुण्यांवर, बसवाल्यावर, खळग्यात काठी खुपसणाऱ्यांवर. दादाशी कामापुरतं बोलायचे. इशारा परत 'निघा' झाला होता, दादाने न सांगता, मी न विचारता. त्यावरही मला राग यायचा. इतकं सोपं होतं, तर आधी काय झालं होतं?

मग एका सकाळी मी बूट धूत असताना वहिनी बाहेर आली. हातात काहीच नव्हतं, म्हणजे मुद्दाम आली होती.

"त्यांच्या बहिणीचा फोन होता," ती म्हणाली. "मावशींची पिशवी आपल्याकडे राहिलीये ना, ती पाठवता का म्हणून. पत्ता मुलाचा दिला."

"मुलाचा का?"

"त्यांना कायमचं तिकडे नेतोय. घर बंद करतायत." वहिनीने मागे ऑफिसकडे पाहिलं. "कान तपासले म्हणे. कान ठणठणीत निघाले. मग मुलगा म्हणाला, कान चांगले आहेत आणि तरी 'मागे फिरा'चं 'परत' ऐकू आलं, म्हणजे डोकंच जागेवर नाही. कार्यालयातून मिळालेला अहवाल दाखवतो तो त्यांना. त्या सांगून सांगून थकल्या, की गाइड 'परत' म्हणाली. आता म्हणतात, असेल बाबा, मलाच कळेनासं झालं असेल." ती थांबली. "मी सांगितलं असं म्हणू नकोस ह्यांना."

मी ओल्या हाताने ऑफिसात शिरले. दादा फोनवर होता. मी फोनचं बटण दाबून तो बंद केला.

"अहवालाने काय बिघडणार आहे म्हणालास ना? त्या बाईला वेडी ठरवलंय तुझ्या अहवालाने."

"आपल्या," दादा म्हणाला. "सही दोघांची आहे."

"म्हणूनच चाललेय सांगायला."

तो उठून उभा राहिला. "सांग. आणि मग बिल्ला टेबलावर ठेवून जा, कारण आठवड्याच्या आत कार्यालयवाले मागायला येतील. मी तुला वाचवू शकणार नाही. आणि बाबांनी उभं केलेलं हे सगळं..."

"बाबांचं नाव घेऊ नकोस. बाबांचं नाव तोंडातून काढलंस तर बघ." मी इतक्या जोरात ओरडले की वाहनतळावरचे दोघे वळून बघायला लागले. मी बिल्ला काढला आणि टेबलावर आपटला. पिन वाकली.

मावशींचा पत्ता बुकिंगच्या वहीत होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत खोकी रचलेली, भिंतीवर चित्रांच्या जागी फिके चौकोन. मावशी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पुढ्यात चालण्यासाठीचा चार पायांचा आधार. खूप वाळल्या होत्या. आतून चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज येत होता.

"पिशवी आणलीस?" त्या म्हणाल्या. "ठेव तिथे. चहा देता नाही यायचा, भांडी बांधलीत."

मी पिशवी खाली ठेवली. वाटेत मी मोठं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मावशी, तुम्ही बरोबर ऐकलंत. मी 'परत'च म्हणाले होते. तो आमचा इशारा होता, मागे या असा. सकाळभर मी तोच शब्द फुलासाठी वापरला. तुमच्या जागी कुणीही बोट घातलं असतं. 'मागे फिरा' मी म्हटलंच नाही. ते खोटं आहे. आणि खाली माझी सही आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. वाटलं, माझा हात हातात घेतील, म्हणतील, सांगितलंस हे बरं केलंस गं. माझ्या मनाने तेवढी मजल मारली होती, खोटं कशाला बोलू?

"तुला कधीपासून माहीत आहे हे?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी दुपारी कळलं."

"दुपारी." त्यांनी आधाराची दांडी घट्ट धरली. "मी टेबलावर पडले होते, पायात खिळे ठोकत होते, तेव्हा तुला माहीत होतं. मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेते, माहितीये? आज वार कोणता. शेजारणीचं नाव काय. गॅस बंद केला का. एकतीस वर्षांत माझ्याकडून एक नंबर चुकीचा जोडला गेला नाही, आणि मी आरशासमोर उभी राहून स्वतःचा पत्ता पाठ म्हणते. तीन आठवडे! आणि तू तिकडे तारामासे दाखवत होतीस?"

"हो."

"तोंड वर करून हो म्हणतेस?"

मी मान खाली घातली. त्यांनी आधाराचा पाय जमिनीवर आपटला. "मान काय घालतेस? त्याला हाक मार. थांब, मीच मारते." आणि त्यांनी मुलाला अशी हाक मारली की खोक्यांतली भांडी हलली असतील.

मुलगा बाहेर आला, मनगटात चिकटपट्टीचं रीळ अडकवलेलं. माझ्या वयाचा, दमलेला, सभ्य माणूस.

"सांग," मावशी मला म्हणाल्या. "मला सांगितलंस तसंच. एक शब्द इकडचा तिकडे नको."

मी सांगितलं. तो ऐकत असताना आधी त्याने रीळ काढून खाली ठेवलं, मग खोक्यावर बसला. आईकडे त्याला बघवत नव्हतं.

"हे लिहून द्याल?" त्याने विचारलं.

"कार्यालयाला देणारच आहे. तुम्हालाही देते."

"तुमचं काम जाईल."

"जाईल."

"आई," तो म्हणाला, "मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहीत आहे. तुझ्याशी नंतर बोलते." त्या माझ्याकडे वळल्या. गाल लाल झाले होते, डोळे भरले होते, पण आवाजात पाणी नव्हतं. "लिहून झालं की ऊठ आणि ती खोकी सोड."

"मावशी, मला माफ..."

"माफीबिफी नंतर बघू. आधी स्वयंपाकघर. माझी सगळी भांडी जागच्या जागी पाहिजेत."

मुलगा उठायला लागला, तर त्याला हाताने बसवलं. "तू नाही. ही करेल."

मी मुलाच्या वहीच्या पानावर सगळं लिहिलं, सही केली, आणि स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. पहिल्या खोक्याची पट्टी नखाने उचकटली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पेले निघाले. मागून टक टक करत मावशी आधारासकट दारात येऊन उभ्या राहिल्या. घामाने डबडबल्या होत्या. मुलाने खुर्ची आणली, ती त्यांनी कोपराने ढकलली.

पर्समध्ये माझा फोन वाजत होता. दादाच असणार. मी उचलला नाही. पेले पुसून ओळीने मांडले, ते त्यांनी दुसऱ्या फळीवर लावायला लावले. पातेली लहान-मोठी क्रमाने नव्हती म्हणून सगळी उतरवून घेतली. मी एक डबा उचलला आणि हाताला लागला त्या फळीवर ठेवला.

"वरच्या!" त्या कडाडल्या. "वरच्या फळीवर म्हटलं मी. तुला ऐकू येत नाही का?"